लाल रेघेच्या आत

मला एक सांगा, विश्वास ठेवायचा तर कुणावर ठेवाल? दाबला की तितक्याच जोरानं उसळून येतो त्याच्यावर, की त्या उसळणाऱ्याचा दंड धरून त्याला खाली बसवतो त्याच्यावर? घाईनं उत्तर देऊ नका. आमच्या दुकानात येणारं दर दुसरं गिऱ्हाईक पहिल्याच्याच बाजूनं बोलतं. उसळणारा डोळ्यांना दिसतो, ताकदवान वाटतो. दंड धरणारा गाडीखाली, चिखलात, कुणाला दिसत नाही.

मी तो दुसरा. मी एक शॉकॲब्सॉर्बर बोलतोय. गॅरेजवाले मला शॉकअप म्हणतात, तुम्हीही तेच म्हणा, मला राग नाही. शर्यतीच्या गाडीचा मी, मागच्या उजव्या चाकाचा. हल्ली माझा मुक्काम सान एवारिस्तो गावात, खलिफशेठच्या स्पेअर पार्टच्या दुकानात, गल्ल्याशेजारी असतो. गव्हाच्या शेतांवरून वारा सुटला की शेठ माझ्याखाली वर्तमानपत्र दाबून ठेवतात. नळीनं ओढायच्या कडू चहाचा तुंबा कुणीतरी माझ्याच अंगाला टेकवून ठेवतं. इतकी वर्षं काउंटरवर काढली की लोखंडालाही दुकानदाराची जीभ फुटते. म्हणून मी गप्पिष्ट झालोय. एरवी आमची जात अबोल.

शर्यतीत माझ्या बरोबर वर एक माणूस बसायचा. आमच्याकडे रस्त्यावरच्या शर्यतीत चालकाशेजारी सोबती असतो. तो मागचं बघतो, मीटरच्या काट्यांवर नजर ठेवतो, चाक बदलतो, चालकाला धीर देतो. आमच्या गाडीचा सोबती होता आन्सेल्मो. सगळे त्याला जाड्या म्हणायचे, आणि होताही तो तसाच. त्याचा जीव माझ्यावर होता, असं मी शब्दशः म्हणतोय. ही गोष्ट त्याची.

मला घडवलं उस्ताद ओविदियोंनी. त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं शेड होतं. दिवसा शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर, आणि हौस म्हणून शर्यतीची गाडी. लेथवर त्यांनी माझी नळी कातली, आत दट्ट्या बसवला, दट्ट्याला बारीक भोकं पाडली आणि त्या भोकांवर पातळ पोलादी चकत्यांची चवड ठेवली. मग तेल ओतलं आणि टोपण आवळलं. बस, एवढाच मी. चाक वर-खाली झालं की दट्ट्या तेलातून सरकतो, तेल चकत्या वाकवून वाट काढतं, आणि त्या ओढाताणीत उसळीचा जोर जिरून जातो. तो जोर जातो कुठे? माझ्या अंगात. शर्यत संपल्यावर मला हात लावून बघा, भाजेल.

माझा जोडीदार म्हणजे पाटे. गाडीच्या मागे पोलादी पाट्यांची चवड असते ना, तीच. पाट्याचा स्वभाव सरळ आहे. खड्डा आला की वाकतो, आणि जेवढं घेतलं तेवढं जवळपास सगळं परत फेकतो. उधार ठेवत नाही, पण थांबतही नाही. त्याला एकटं सोडलं तर गाडी वर जाईल, खाली येईल, पुन्हा वर जाईल. मी त्याचा दंड धरतो. आता यातली ग्यानबाची मेख अशी, की पाटा जितका कडक, तितका धरणाराही जोरदार लागतो. मऊ पाट्याला माझी बेताची पकड पुरते. कडक पाट्याला तीच पकड म्हणजे बैलाला सुतळीनं बांधण्यासारखं. आणि उलटही तितकंच वाईट.

उलट कसं, ते आमच्या शेजारगावच्या बासिलिओनं करून दाखवलं होतं. तो शेडमध्ये येऊन म्हणाला, "उस्ताद, तुमच्याकडे सगळ्यात कडक शॉकअप असतील ते द्या." उस्तादांनी विचारलं, पाटे कसले आहेत? तो म्हणाला, पाट्यांचं तुम्हाला काय करायचंय, मी पैसे देतोय ना. उस्ताद दारात आलेल्या गिऱ्हाइकाशी वाद घालत नसत. त्यांनी चवडीत चकत्या वाढवून दिल्या. बासिलिओचे पाटे होते मऊ. पन्हाळी पत्र्यासारख्या खडबडीत रस्त्यावर पाटा दबायचा आणि शॉकअप त्याला परत वर येऊच देईना. पुढचा दणका, आणखी खाली. त्याच्या पुढचा, आणखी खाली. शेवटी गाडी खुडुक कोंबडीसारखी पोटावर बसली आणि तशीच घासत घरी आली. बासिलिओ भांडायला आला, तेव्हा उस्तादांनी त्याला आधी चहाचा तुंबा भरून दिला आणि म्हणाले, "मी तुला विचारलं होतं, बायको कशी आहे. तू म्हणालास, नवरा कडक पाहिजे."

उस्तादांची परीक्षा साधी होती. गाडीच्या मागच्या बंपरवर उभं राहायचं आणि खाली उडी मारायची. गाडी वर येणार, किंचित खाली बसणार आणि गप्प होणार. "एकदाच हो म्हणाली पाहिजे," ते म्हणायचे. "दोनदा मान डोलावली तर तिच्या मनात काहीतरी वेगळं आहे." गाडीनं दुसऱ्यांदा मान डोलावली की मला काढायचे, शिकंज्यात धरायचे आणि उघडायचे.

तसं मला ते प्रत्येक शर्यतीनंतर उघडायचेच. गाडी जिंकलेली असो की ढकलत आणलेली, सोमवारी माझं टोपण निघालंच म्हणून समजा. जुनं काळं तेल ओतायचे, चकत्या उजेडात धरून बघायचे, नवं तेल भरायचे. फनेल धरायला त्यांची मुलगी देल्फिना असायची. लहानपणी ती फळीवर उभी राहून धरायची, मोठी झाल्यावर एप्रन बांधून. तेल ओतताना बापलेक दोघंही श्वास रोखायचे. टोपण आवळून झालं की उस्ताद लाल रंगाची एक रेघ ओढायचे, अर्धी टोपणावर, अर्धी माझ्या अंगावर. टोपण ढिलं झालं तर रेघ तुटलेली दिसते, वाकून बघणाऱ्याला लगेच कळतं. मेकॅनिकची खूण ती, दुसरं काही नाही. शेडमधल्या मांजरालासुद्धा ते ठाऊक असेल.

गाडी चालवायचा उस्तादांचा मुलगा इलारियो. किडकिडीत, रागीट, आणि गाडीत बसला की देवमाणूस. आन्सेल्मो त्याचा शाळेपासूनचा दोस्त. पुढे त्यानं देल्फिनाशी लग्न केलं आणि दोस्ताचा मेहुणा झाला. लग्नाच्या जेवणात इलारियो सगळ्यांसमोर म्हणाला होता, आता गाडीत मागे वजन कमी पडलं तरी चिंता नाही, बहिणीनं कायमची सोय करून दिलीय. आन्सेल्मोनं ताटातला मांसाचा आणखी एक तुकडा उचलला आणि म्हणाला, मी गाडीसाठीच खातोय.

त्या हंगामात आम्ही एक मोठी शर्यत जिंकलो. सोमवारी उस्तादांनी नेहमीसारखं मला उघडलं, भरलं, आवळलं, रेघ ओढली. त्याच आठवड्यात ते शिकंज्यासमोरच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेले. चहाचा तुंबा मांडीवर तसाच होता.

पुढची शर्यत तोंडावर होती. सुतकात इलारियोचा हात काही धजला नाही. त्यानं मला न उघडताच गाडी नेली. आणि गाडी जिंकली. त्याच्या पुढचीही जिंकली.

आता आमच्या लोकांचा एक स्वभाव सांगतो. जिंकलेल्या दिवशी जे जसं होतं ते तसंच ठेवायचं. तोच मळका शर्ट, आदल्या दिवशी त्याच शेवया, गाडीत शिरताना तोच पाय आधी. कुणी खुर्ची बदलली तर बाकीचे उठवून परत बसवतात. चांगली शिकलेली, चारचौघांत शहाणी म्हणवणारी माणसं हे करतात, आणि हसत हसत करतात, म्हणून त्यांना कुणी वेडं म्हणत नाही. तर तशी माझी लाल रेघ शकुनाची झाली. शर्यतीच्या सकाळी इलारियो गाडीखाली हात घालून रेघेला बोट लावायचा आणि ते बोट ओठांना लावायचा. बघता बघता गावातले लोकही यायला लागले. एका म्हातारीनं तर तिथे मेणबत्ती ठेवली. तिला पेट्रोलच्या टाकीपासून लांब न्यायला आन्सेल्मोला बरीच मिनतवारी करावी लागली.

आत माझं तेल काळं होत चाललं होतं, ते कुणाला दिसत नव्हतं.

मग लांबची शर्यत आली. मधे थांबायला नको म्हणून इलारियोनं मागे मोठी टाकी बसवली. टाकी भरली की गाडीचं बूड खाली जायला लागलं, तेव्हा लोहाराकडून ट्रकचे पाटे आणून त्यानं चवडीत दोन पाटे वाढवले. बूड वर आलं, गाडी दिसायलाही ताठ झाली. सगळे खूश. पाटे कडक झाले, वजन वाढलं, आणि मी तोच. त्याच चकत्या, उस्तादांनी जुन्या मऊ पाट्यांसाठी मोजूनमापून ठेवलेल्या.

आन्सेल्मो बंपरवर चढला आणि उडी मारली. गाडीनं मान डोलावली. पुन्हा डोलावली. मग पुन्हा एकदा, हळूच. तो तिथेच उभा राहून तिच्याकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी गाडी गावाबाहेर पळवून आणली, तेव्हा उतरल्यावर तो बराच वेळ कमरेवर हात ठेवून होता. माझ्या वरच बसत होता ना. त्याला हाडांत कळलं होतं.

रविवारी जेवण शेडमध्येच असायचं, गाडीशेजारी लांब टेबल टाकून. शेवया, टोमॅटोचा रस्सा, पाव. आन्सेल्मोनं काट्याला शेवया गुंडाळता गुंडाळता विषय काढला.

"इलारियो, मागचे शॉकअप उघडूया का रे? गाडी तीन-तीनदा हो म्हणतेय."

"पळायला लागली की बसेल."

"बसेल रे, पण माझ्यावर बसेल."

सगळे हसले. इलारियो म्हणाला, "जाड्या, तूच दोन घास कमी खा. आपोआप थांबेल तिची मान."

आन्सेल्मोही हसला, पण त्यानं काटा खाली ठेवला. मग म्हणाला की पाटे वाढवले तर चकत्या वाढवायला नकोत का, उस्तादांनी तेच केलं असतं. इलारियोचा चेहरा कडक झाला. तो म्हणाला, ज्या रेघेनं दोन वेळा जिंकून दिलं ती मी मोडणार नाही, तुला भीती वाटत असेल तर तसं सांग, दुसरा कुणी बसेल. टेबलावर कुणी बोलेना. असल्या वाक्यानंतर आमच्याकडे कुठलाच माणूस भीती वाटते म्हणत नाही.

आन्सेल्मोनं बायकोकडे बघितलं. "देल्फिना, तू सांग. फनेल तू धरायचीस. काय करायचं?"

देल्फिनाच्या हातात पावाची टोपली होती. तिनं गाडीखाली, माझ्याकडे पाहिलं. रेघ तिथे होती, उस्तादांच्या कुंचल्याचा एक केस रंगात अडकून राहिला होता तोही होता.

"बाबांचा शेवटचा हात आहे त्याच्यावर," ती म्हणाली. "त्यांचं दुसरं काय राहिलंय? त्याला हात लावू नका."

 आन्सेल्मोनं टोपलीतला पाव घेतला. "बरं बाई. तुझा बाप, तुझा शॉकअप. माझं काय, फक्त बूड आहे." पुन्हा सगळे हसले, आणि विषय मिटला.

शर्यतीचा दिवस कोरडा होता. मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना तारांची कुंपणं, कुंपणाला टेकलेली माणसं, विस्तवावर भाजत ठेवलेलं मांस. धूळ इतकी की पुढची गाडी म्हणजे नुसता ढग. सुरुवातीला मी तग धरला. पण प्रत्येक खड्ड्याला पाटे मला झटकून टाकत होते. मी पकडायचो, ते सोडवून घ्यायचे. तेल तापून पाण्यासारखं पातळ झालं. डोक्यावर आन्सेल्मो आपटत होता, आणि ओरडून चालकाला मागच्या गाडीचं अंतर सांगत होता. त्यानं आपलं काम सोडलं नाही.

रेल्वेचं फाटक आलं. रूळ उंचावर, रस्ता चढून पलीकडे उतरणारा, आणि उतार संपल्या संपल्या डावीकडे सौम्य वळण. बाहेरच्या अंगाला निलगिरीची झाडं. जुन्या पाट्यांवर आम्ही तिथून कितीदा गेलो होतो. गाडी उडायची, टेकायची, एकदा हो म्हणायची आणि वळणाला लागायची. त्या दिवशीही उडाली आणि टेकली. पाटे पुरते वाकले, आणि मग त्यांनी घेतलेलं सगळं परत फेकलं. मी धरू शकलो नाही. दुसऱ्यांदा मान वर गेली ती बरोबर वळणात. उजवं मागचं चाक, माझं चाक, जमीन सोडून हवेत होतं, आणि इलारियो स्टिअरिंग डावीकडे घेत होता. गाडीची शेपूट बाहेर गेली. इलारियोनं उलट फिरवून बघितलं, पण जे चाक जमिनीवर नाही त्याला कोण काय सांगणार?

झाड उजव्या दारावर आलं.

इलारियोचा खांदा निखळला. आन्सेल्मो जागीच गेला. कुंपणावरची माणसं धावत आली तेव्हा इलारियो दुसरीकडून त्याच्या कमरेला धरून ओढत होता आणि म्हणत होता, "जाड्या, उठ. जाड्या, उठ ना." त्या वजनाची त्यानं आयुष्यभर थट्टा केली होती, आणि आता ते त्याच्याच्यानं हलत नव्हतं.

संध्याकाळपर्यंत गावात कळलं की कुत्रा आडवा आला.

कुत्र्याबद्दल पहिल्यांदा कोण बोललं? इलारियो. दवाखान्यात कुणीतरी विचारलं, काय झालं, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं. मग कुत्रा वाढत गेला. अंत्ययात्रेला लोक जमले तोवर तो तपकिरी झाला होता. पुढच्या हंगामात त्याला एक कान नव्हता. फाटकाजवळच्या एका शेतकऱ्याचा तो होता असंही ठरलं, आणि त्या बिचाऱ्यानं कुत्राच पाळलेला नव्हता तरी लोक त्याच्या नमस्काराला उत्तर देईनासे झाले.

मोडलेली गाडी खलिफशेठनी घेतली. त्यांचा बाप सिरियाहून खांद्यावर गाठोडं घेऊन आलेला फिरता व्यापारी. त्या घरात कुठलीच वस्तू टाकून देत नाहीत. इंजिन विकलं, पाटे पुन्हा एका ट्रकला लागले. मला मात्र कुणी विकत घेईना. पण सोडीनातही. शर्यतीवाले दुकानात यायचे, रेघेला बोट लावायचे आणि ओठांना लावायचे. ज्या रेघेपायी एक माणूस मेला होता, तिला. शेठ हे बघायचे आणि नुसती मान हलवायचे. गिऱ्हाइकाच्या देवाबद्दल दुकानदारानं बोलू नये, हा त्यांचा नियम.

खांदा बरा झाल्यावर इलारियोनं नवी गाडी बांधली. तिलाही मोठी टाकी. नव्या शर्यतीच्या आधी तो दुकानात आला, सोबत त्याचा नवा सोबती फेर्मिन, नुकताच बाप झालेला, सारखं हसणारा. इलारियोनं त्याला माझ्याजवळ आणलं आणि म्हणाला, लाव बोट.

देल्फिना तेव्हा दुकानातच होती. काळ्या कपड्यांत, सायकलच्या ट्यूबसाठी आली होती. ती पुढे झाली आणि तिनं फेर्मिनच्या हाताआधी माझ्यावर हात ठेवला.

"शेठ, मोठा पाना द्या," ती म्हणाली.

शेठनी आधी इलारियोकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि पाना काढून दिला. तिनं मला शिकंज्यात धरलं. टोपण कुरकुरलं, आणि लाल रेघ मधोमध तुटली. इलारियो पुढे सरकला, पण त्यानं तिला अडवलं नाही. तिनं तेल ताटलीत ओतलं. काळं, जळक्या वासाचं. मग एकेक चकती काढून काउंटरवर मांडली आणि उजेडात धरून बघितली, बाप बघायचा तशी. सगळ्या धड होत्या. एकही वाकलेली नव्हती.

"बाबांच्या कामात खोट नाही," ती म्हणाली. "जुन्या पाट्यांना अगदी बरोबर. बाबा हे कधी उघडायचे, इलारियो?"

इलारियोनं तेलाची ताटली बाजूला सरकवली.

"फेर्मिनला सांग. कधी उघडायचे?"

"प्रत्येक शर्यतीनंतर," तो म्हणाला.

"मग आपण काय जपलं?"

 तिनं हात पुसले. आवाज चढवला नाही.

"आणि कुत्रा कुठल्या रंगाचा होता रे?"

इलारियोनं काउंटरची कड धरली. निखळलेला खांदा एका बाजूला खाली गेला होता. "कुत्रा नव्हता," तो म्हणाला.

"नव्हता. आन्सेल्मोनं सांगितलं होतं, तू ऐकलं नाहीस. त्यानं मला विचारलं, आणि फनेल मी धरायचे, मला ठाऊक होतं, तरी मी म्हटलं हात लावू नका. यापुढे कुणी विचारलं तर दोन्ही नावं सांगायची. तुझं एकट्याचं नको, माझंही सांग."

ट्यूब तशीच काउंटरवर टाकून ती गेली.

फेर्मिन त्या शर्यतीला बसला नाही. इलारियोही गेला नाही; गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे असं शेठ सांगतात. पण तुम्ही गावात विचाराल तर लोक अजून कुत्र्याचीच गोष्ट सांगतील, एका कानाच्या. ती सांगायला सोपी आहे. तिच्यात टेबल नाही, पावाची टोपली नाही, हसणारे आपण नाही.

मी आता असा उघडा पडलोय. नळी इकडे, दट्ट्या तिकडे, चकत्या एका जुन्या बशीत. रबर सुकलंय, पुन्हा बंद झालो तरी तेल धरणार नाही. बोट लावायला आता कुणी येत नाही. एवढं एक बरं झालं.

तुम्ही इतका वेळ उभं राहून ऐकलंत, म्हणून एकच मागणं मागतो. ज्यानं तुमच्यासाठी काही घडवलं, त्याची शेवटची रेघ जपू नका. तो दर सोमवारी काय करायचा ते आठवा आणि ते करा. आणि एवढं करूनही कधी कुणाचा जीव गेलाच, तर बसून खरा हिशेब मांडा. कुणी सांगितलं होतं, कुणी ऐकलं नाही, कोण हसलं, कोण गप्प राहिलं, सगळं लिहा, त्यात स्वतःचंही नाव लिहा. आडव्या न आलेल्या कुत्र्याच्या नावावर काही टाकू नका.